तारीख पाठ, कारण विस्मृत

मे महिन्याच्या सुट्टीत वसई तालुक्यातील चांदीप येथे एका परिचितांकडे जाण्याचा योग आला. ओसरीवर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे चार-पाच तरुण ‘आजचा दिनविशेष’ या दैनंदिन प्रश्नमंजूषेत गढून गेले होते. तारीख होती २३ मे. आजच्या दिवशी आपल्या जिल्ह्यात काय घडले, असे मी विचारले. क्षणाचाही विलंब न लागता उत्तर आले : १७३९, पोर्तुगीजांनी वसईचा किल्ला सोडला. उत्तर बिनचूक होते. ‘आणखी काही?’ या प्रश्नावर मात्र सारे एकमेकांकडे पाहू लागले.

ती दुसरी घटना २३ मे १९४५ ची. आजच्या तलासरी तालुक्यातील झरी या गावी शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेची परिषद भरली आणि जमीनदाराच्या शेतावर यापुढे वेठीने राबणार नाही, असा निर्धार वारली शेतमजुरांनी केला. चिमाजी अप्पांचा विजय आपल्या स्मरणात असावा हे योग्यच. परंतु त्याच जिल्ह्यातील, त्याच तारखेची ही घटना प्रश्नमंजूषेत का येत नाही?

हे सांगत असता त्यांच्यातील एक जण म्हणाला, “सर, आमचे आजोबा लग्नगडी होते, असं आजी सांगते. पण ते सुटले कधी, ते तिलाही सांगता येत नाही.”

लग्नगडी म्हणजे लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेऊन त्या मोबदल्यात त्याच्याकडे राबणारा गडी. अनेकदा नवरा-बायको दोघेही राबत. मजुरी इतकी तुटपुंजी की व्याजही फिटू नये. मग मुद्दल फिटणार कसे? अर्थशास्त्राच्या भाषेत हा श्रमाचा करार खरा, पण त्यातून बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य एकाच पक्षाला होते.

आता या पद्धतीचा अंत कोणत्या दिवशी झाला? वेठबिगारी रद्द करणारा अध्यादेश २४ ऑक्टोबर १९७५ रोजी निघाला. त्याची जागा घेणारा कायदा १९७६ साली झाला आणि तो २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आल्याचे मानले गेले. वेठबिगार मुक्त, त्याचे कर्ज रद्द, आणि कोणास वेठीस धरणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड, असे कायदा सांगतो. परीक्षेत यातील कोणत्याही तारखेला गुण मिळतील. परंतु त्यानंतरही याच वसई तालुक्यात वेठबिगार होते. म्हणून तर उसगावची विधायक संसद आणि १९८२ साली स्थापन झालेली श्रमजीवी संघटना यांना त्यांच्या मुक्तीसाठी झगडावे लागले. कायद्याचा दिवस एकच असतो. सुटकेचा दिवस प्रत्येक घराचा निराळा असतो.

किंबहुना तारीख ही वस्तूच आपण समजतो तितकी निर्विवाद नाही. पोर्तुगीजांचा २३ मे १७३९ हा मुंबईच्या इंग्रजांच्या दप्तरी १२ मे होता. कारण इंग्रजांची दिनदर्शिका १७५२ पर्यंत अकरा दिवस मागे चालत होती. अशा आकड्याचे पाठांतर म्हणजेच इतिहासाचे ज्ञान, असे मानणे कितपत योग्य?

याचा अर्थ प्रश्नमंजूषा निरुपयोगी आहे, असा नव्हे. खुंटी असल्यावाचून वस्त्र टांगता येत नाही, आणि नोकरीच्या शोधातील तरुणाला परीक्षेची रीत सोडून चालत नाही, हे मी शिक्षक या नात्याने जाणतो. परंतु वर्गात फळ्यावर दिनविशेष लिहिणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना एक सुचवावेसे वाटते. रोजच्या तारखेखाली दोन प्रश्न जोडावेत : हे का घडले? आणि त्यानंतर आपल्या गावात कोणाचे काय बदलले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शक पुस्तकात सापडणार नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला घरी जाऊन आजीशेजारी बसावे लागेल.

चांदीपच्या त्या तरुणाची आजी अद्याप हयात आहे. तारीख तिला सांगता आली नाही, तरी त्या वर्षी पाऊस कसा होता, घरात कोण जन्मले, हे तिला खात्रीने आठवेल. तेवढ्यावरून वर्ष काढता येते.