वाय-फायची वाट आणि रडारचा मान

परगावी राहणाऱ्या मुलाशी घरच्या मंडळींचे संगणकावर बोलणे चाललेले असते आणि अकस्मात पडद्यावरचे चित्र थिजते. राऊटर नावाच्या लहानशा पेटीवरील दिवे लागलेले असतात, बाहेरून आलेली तार शाबूत असते, आणि मिनिटभराने सारे काही आपोआप पूर्ववत होते. गृहस्थ सेवा पुरविणाऱ्या कंपनीला बोल लावतो. कंपनीचा माणूस येऊन तार तपासतो आणि काहीच बिघाड नाही असे सांगून निघून जातो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. राऊटर बिघडलेला नसतो. त्याला रडारची चाहूल लागलेली असते, किंवा लागल्याचा भास झालेला असतो, आणि नियमाप्रमाणे त्याने वाट सोडून दिलेली असते.

वाय-फाय म्हणजे घरापुरते रेडिओ प्रक्षेपणच होय. फरक इतकाच की नभोवाणी केंद्राला स्वतःची लहर नेमून दिलेली असते व तीवर दुसऱ्या कोणी बोलावयाचे नसते. राऊटरला मात्र सार्वजनिक मैदानात जागा शोधावी लागते. त्यांपैकी जुने मैदान २.४ गिगाहर्ट्झचे. तेथे १ पासून १३ पर्यंत चॅनेल आखलेले आहेत, परंतु ही आखणी फसवी आहे. दोन चॅनेलांमधील अंतर अवघे ५ मेगाहर्ट्झ, आणि प्रत्येक राऊटरला जागा हवी सुमारे २० मेगाहर्ट्झची. परिणामी १, ६ आणि ११ हे तीनच चॅनेल एकमेकांना धक्का न लावता नांदू शकतात. तीन खोल्यांत तेरा बिऱ्हाडे, असाच हा प्रकार! त्यातच स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच मैदानात गडबड करीत असते. ज्याला ६ वर गर्दी वाटते तो शहाणपणा म्हणून ७ वा ८ निवडतो, आणि ६ व ११ या दोन्हींच्या शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेतो.

या दाटीतून सुटका म्हणून ५ गिगाहर्ट्झचे मैदान पुढे आले. भारत सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवान्यावाचून वापरास खुली केली. परंतु ही जमीन ओसाड नव्हती. तिच्या मधल्या भागात हवामानाची आणि सैन्यदलांची रडारे पूर्वीपासून वस्ती करून होती. म्हणून २००३ साली जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने वाय-फायला तेथे प्रवेश दिला तो एका अटीवर : नव्याने आलेल्याने कान उघडे ठेवावेत, आणि जुना धनी बोलू लागताच जागा सोडावी. चॅनेल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हा तो अटीचा भाग. ३६ ते ४८ आणि १४९ पासून पुढचे चॅनेल त्या अटीतून सामान्यतः मोकळे आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या कित्येक राऊटरांतही ही दक्षता अंगभूत असते. यंत्राच्या पुस्तिकेत तिला 'डीएफएस' म्हणतात.

ही दक्षता पाळायची म्हणजे राऊटरला बरेच सोसावे लागते. अटीच्या चॅनेलवर बोलण्यापूर्वी त्याने निदान ६० सेकंद नुसते ऐकत बसावयाचे. युरोपात हवामान-रडारांच्या खास पट्ट्यात तर हे मौन दहा मिनिटांचे असते. पुढे काम चालू असतानाही कान लावून राहावयाचे. ठराविक अंतराने येणारे, सेकंदाच्या काही दशलक्षांश भागाइतके क्षणिक ठोके ऐकू आले की ते रडार समजावयाचे, दहा सेकंदांच्या आत तो चॅनेल रिकामा करावयाचा, आणि त्यानंतर अर्धा तास तिकडे फिरकावयाचे नाही. नवा चॅनेलही अटीचाच निघाला तर पुन्हा मिनिटभर मौन. येथेच घरातला माणूस अधीर होतो. यंत्र अडकले असे समजून तो बटण बंद करून पुन्हा चालू करतो, आणि ते बिचारे पहिल्यापासून ऐकावयास बसते.

इतका कडक शिष्टाचार कशासाठी, याचे उत्तर अमेरिकेत सापडते. २ ऑगस्ट १९८५ रोजी डल्लस-फोर्ट वर्थ विमानतळावर उतरू पाहणारे डेल्टा कंपनीचे १९१ क्रमांकाचे विमान वादळी ढगाखाली सापडले व कोसळले. १३७ माणसे प्राणास मुकली. ढगातून खाली झेपावणारा वाऱ्याचा लोट जमिनीवर आदळून चोहीकडे पसरतो, त्याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्यात शिरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा लागतो व ते उचलले जाते. वैमानिक सावरतो न सावरतो तोच वारा पाठीमागून येतो, पंखांखालचा आधार नाहीसा होतो, आणि सावरण्यापुरती उंची उरलेली नसते. हा लोट वेळेवर दिसावा म्हणून १९९० नंतर अमेरिकेतील मोठ्या विमानतळांजवळ खास डॉप्लर रडारे उभारण्यात आली. ती चालतात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे थेट वाय-फायच्या अंगणात.

अशा रडाराचा ठोका अडीच लक्ष वॉटचा, आणि राऊटरचे बळ वॉटच्या अंशाइतके. मग हत्तीला मुंगीचे भय कसले? भय बोलण्यात नाही, ऐकण्यात आहे. पावसाच्या थेंबांवरून परतणारा प्रतिध्वनी इतका क्षीण असतो की जवळपासच्या क्षुल्लक यंत्राची कुजबुजही त्यावर मात करते. २००९ मध्ये पोर्टो रिकोतील सान हुआन येथे हेच घडले. तेथील विमानतळाच्या रडाराच्या पडद्यावर बाहेरील लहरींचे पट्टे उमटू लागले. तपासात उंचावर बसविलेली बिनतारी इंटरनेटची यंत्रे सापडली. त्यांतील काहींत रडार ओळखण्याची सोय काम देत नव्हती वा बंदच केलेली होती. अमेरिकन नियामकांनी पुढे अनेकांना दंड केले, आणि ही सोय वापरणाऱ्याला बंद करता येऊ नये असा निर्बंध २०१४ साली यंत्रे बनविणाऱ्यांवर घातला. कॅनडाने तर तो ५० मेगाहर्ट्झचा पट्टाच वाय-फायला नाकारला आहे.

मुंबईकरांच्या दृष्टीने ही गोष्ट फारशी दूरची नाही. कुलाब्याचे जुने हवामान-रडार सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या लहरी वापरते, म्हणून त्याचा वाय-फायशी संबंध येत नाही. पण २०२२ साली वेरावली येथे सुरू झालेले रडार सी-बँडचे, म्हणजे पाचेक सेंटिमीटर लहरींचे, वाय-फायच्या शेजारातले आहे. मात्र प्रत्येक खंड रडारमुळेच पडतो असे मानू नये. कित्येकदा शेजारच्या राऊटरचे तुटक बोलणेही यंत्राला रडारच्या ठोक्यांसारखे भासते. भित्र्याला दोरीचा साप दिसावा तसे ते चॅनेल सोडून पळते, आणि यात दोष राऊटरच्या आज्ञावलीचा असतो. निर्मात्याने सुधारलेली आज्ञावली दिली असेल तर ती प्रथम बसवून घ्यावी.

रोगाची परीक्षा अवघड नाही. खंड पडेल तेव्हा तारेने जोडलेला संगणक चालू आहे का ते पाहावे. तोही बंद असेल तर दोष बाहेरचा. तो चालू असेल, २.४ चे जाळे टिकून असेल आणि केवळ ५ चे नाहीसे होत असेल, तर संशय बळावतो. राऊटरच्या नोंदवहीत 'रडार आढळले' अशा अर्थाची ओळ असल्यास संशयाला जागाच राहत नाही. मग 'स्वयंचलित' निवड काढून चॅनेल ३६, ४०, ४४ किंवा ४८ वर पक्का करावा. तेथे दाटी असेल तर १४९ च्या पुढे जावे. रुंदीचा मोहही आवरावा. ५ गिगाहर्ट्झमधील १६० मेगाहर्ट्झची रुंदी जाहिरातीत शोभते, परंतु ३६ पासून मोजलेली ती जागा ६४ पर्यंत पोहोचते आणि अर्धी अटीच्या भागात पडते. ८० वर समाधान मानले तर ती ४८ वरच थांबते.

काही जण राऊटरचा 'देश' बदलून अटीतून निसटण्याची युक्ती सांगतात. सान हुआनच्या पडद्यावर पट्टे उमटले ते अशाच बेपर्वाईने. ज्यांच्या घराजवळ रडार नाही आणि ज्यांचे राऊटर उगाच दचकत नाहीत, त्यांना अटीचे चॅनेल वापरण्यात लाभच आहे, कारण तेथे शेजाऱ्यांची वर्दळ कमी असते. राऊटर चालू केल्यावर पहिले मिनिट त्याला हात लावू नये, म्हणजे झाले.