चौतीस गुणांची आठवण

आमच्या घरात एक वाद माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आला आहे. मोठे मामा ब्योन बोर्गचे भक्त आणि बाबा जॉन मॅकेन्रोचे. ५ जुलै १९८० रोजी विम्बल्डनचा अंतिम सामना झाला, तेव्हा मामा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते आणि बाबा शाळेत. दोघांनीही तो सामना पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचला होता. तरीही दोघे डोळ्यांनी पाहिल्यासारखे भांडत. मामांचे पालुपद ठरलेले : "दाजी, तो प्रसिद्ध टायब्रेकर बोर्गने मारला आणि तिथेच तुमच्या मॅकेन्रोचा निकाल लागला." बाबा यावर नुसते हसत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्या सामन्याचे संपूर्ण चित्रण मिळवले आणि दोघांना शेजारी बसवून दाखवले. त्या दिवशी मला जे उमगले, ते माझ्यासारख्या टेनिसच्या वाटेला न गेलेल्या मित्रांसाठी येथे मांडतो.

प्रथम खेळाडूंविषयी. बोर्ग स्वीडनचा, वय २४. १९७६ पासून सलग चार वेळा विम्बल्डन जिंकलेला. चेहऱ्यावर ना राग, ना आनंद. तो मागच्या रेषेवर उभा राहून चेंडूला जबर टॉपस्पिन देई, आणि बॅकहँड दोन हातांनी मारी. मॅकेन्रो अमेरिकेचा, वय २१, डावखुरा. सर्व्हिस करून तो थेट जाळ्याकडे धावे आणि चेंडू हवेतच टिपे. तोंडाचा मात्र फटकळ. उपांत्य सामन्यात कॉनर्सशी खेळताना त्याने पंचांशी घातलेल्या वादामुळे अंतिम सामन्याला तो सेंटर कोर्टवर आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची चक्क हुर्यो उडवली. एक बर्फ, तर दुसरा निखारा. आणि दोघांच्याही हातात लाकडी रॅकेट.

आता नियम. सहा गेम आधी जिंकणाऱ्याचा सेट, पण दोन गेमची आघाडी हवी. पूर्वी ही आघाडी मिळेपर्यंत सेट कितीही लांबे. यावर तोडगा म्हणून विम्बल्डनने १९७१ मध्ये टायब्रेकर आणला. आरंभी तो ८-८ अशा बरोबरीनंतर खेळत. १९७९ पासून ६-६ नंतर खेळू लागले. यात जो आधी सात गुण मिळवील तो सेट जिंकतो. पण येथेही दोन गुणांची आघाडी लागतेच. खरी गंमत इथे आहे. खेळ लवकर संपावा म्हणून केलेल्या नियमाला खुद्द शेवटाची मर्यादा नाही! शिवाय निर्णायक पाचव्या सेटला त्या काळी टायब्रेकर नव्हताच.

त्या दिवशी मॅकेन्रोने पहिला सेट ६-१ असा सहज घेतला. पुढचे दोन बोर्गने ७-५, ६-३ असे जिंकले. चौथ्या सेटमध्ये बोर्ग ५-४ असा पुढे आणि सर्व्हिस त्याचीच, गुण ४०-१५. म्हणजे विजेतेपदासाठी दोन संधी. मॅकेन्रोने दोन्ही हाणून पाडल्या. पुढे ६-६ झाले आणि टायब्रेकर सुरू झाला.

वीसएक मिनिटे तो चालला. बोर्गला विजेतेपदासाठी आणखी पाच संधी मिळाल्या, पाचही गेल्या. मॅकेन्रोला सेट जिंकण्याच्या सात संधी मिळाल्या. सहा गेल्या, सातवी साधली. एकूण चौतीस गुण, आणि निकाल १८-१६. होय, मॅकेन्रोच्या बाजूने!

मामांनी मला चित्रण थांबवायला लावले. "पुन्हा लाव." मी पुन्हा लावले. अर्थातच निकाल तोच. इतकी वर्षे मामांच्या आठवणीत हा टायब्रेकर बोर्गने जिंकला होता. मला वाटते, यात लबाडी नव्हती. सामना बोर्गने जिंकला आणि सामन्याचा सर्वांत गाजलेला भाग टायब्रेकर. मनाने दोहोंची परस्पर सांगड घातली. आपण इतिहासही पुष्कळदा असाच वाचतो. ज्याच्या गळ्यात अखेरीस माळ पडली, त्याच्या पदरात मधल्या साऱ्या लढायाही टाकून मोकळे होतो.

पण मग टायब्रेकर गमावूनही बोर्ग जिंकला कसा? माझ्या मते सामन्याचा खरा गाभा पाचव्या सेटमध्ये आहे. सात वेळा विजय हातातून निसटलेला माणूस खचून जाईल असेच कोणालाही वाटेल. बोर्गने स्वतःच्या पहिल्या सर्व्हिस गेममधले पहिले दोन गुण गमावलेही. त्यानंतर मात्र त्याने आपल्या सर्व्हिसवर सलग १९ गुण जिंकले! हुकलेल्या संधींचा हिशेब त्याने मांडलाच नाही. समोर आलेला चेंडू तेवढा खेळला. अखेर ७-६ असताना मॅकेन्रोची सर्व्हिस फोडून त्याने सेट ८-६ असा घेतला आणि हिरवळीवर गुडघे टेकले. ३ तास ५३ मिनिटांचा खेळ झाला होता. सगळे गेम मोजले तर बोर्गचे २८ आणि मॅकेन्रोचे २७. फरक अवघ्या एकाचा. आरंभी हुर्यो करणाऱ्या प्रेक्षकांनीच शेवटी मॅकेन्रोसाठी टाळ्यांचा कडकडाट केला.

पुढच्या वर्षी, १९८१ मध्ये, त्याच मैदानावर मॅकेन्रोने बोर्गला हरवले. जानेवारी १९८३ मध्ये, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, बोर्गने निवृत्ती जाहीर केली. दोघांमधल्या अधिकृत लढतींचा हिशेब ७-७ असा बरोबरीतच राहिला. विम्बल्डनचा नियमही बदलला. २०२२ पासून पाचव्या सेटमध्ये ६-६ झाले की दहा गुणांचा टायब्रेकर खेळतात.

चित्रण संपल्यावर मामा बराच वेळ गप्प होते. आपली चूक कबूल करताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मग ते म्हणाले, "दाजी, ते अठरा-सोळा तुमचे." बाबा म्हणाले, "असू द्या हो. मीही इतकी वर्षे तेवढेच धरून बसलो होतो. पाचवा सेट कसा होता, ते आज कळले."

वाद मिटला असे मात्र समजू नका. दिवाळीनंतर मामांचा फोन आला, तो १९८१ च्या सामन्याचे चित्रण मिळेल का हे विचारायला.