कमरेच्या फॅसेट सांध्यांचा जंतुसंसर्ग

लगतच्या दोन मणक्यांना मागील बाजूस उजवीकडे व डावीकडे जोडणाऱ्या लहान सांध्यांना फॅसेट सांधे म्हणतात. या सांध्यांत जीवाणूंमुळे पू होण्याचा विकार दुर्मीळ असून तो बहुधा कमरेत आणि एकाच बाजूस आढळतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू त्याचे प्रमुख कारण होय. तीव्र कंबरदुखी हे मुख्य लक्षण आहे. ताप मात्र प्रत्येक रुग्णास येतोच असे नाही. त्यामुळे निदानात प्रतिमाचित्रणास विशेष महत्त्व आहे.

प्रतिमाचित्रण

हाडाची झीज क्ष-किरण चित्रात दिसू लागण्यास काही आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीचे चित्र निर्दोष असले, तरी संसर्ग नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. सीटी स्कॅनमध्ये ही झीज अधिक स्पष्ट दिसते. एमआरआय ही सर्वांत उपयुक्त तपासणी मानली जाते. सांध्यात साठलेला द्रव, तसेच अस्थिमज्जा व लगतचे स्नायू यांतील सूज तिच्यात पहिल्या काही दिवसांतच दिसू शकते. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त द्रव्य दिल्यास गळवाची केवळ कड उजळते. त्यावरून गळू आणि साधी सूज यांतील फरक कळतो. पू कण्याच्या पोकळीत पसरून मज्जातंतूंवर दाब आल्यास पायांतील बळ जाण्याचा किंवा लघवीवरील ताबा सुटण्याचा धोका असतो.

निदाननिश्चिती

वयोमानानुसार झिजलेल्या सांध्यांतही द्रव व सूज दिसू शकते. म्हणून रक्ताची आणि सीटीच्या साहाय्याने सुईने काढलेल्या द्रवाची जीवाणू-तपासणी करतात. तिच्या आधारे योग्य प्रतिजैविक निवडले जाते.