बदलत्या पत्त्यावरचे डोमेन

डोमेन हे नाव आणि आयपी ॲड्रेस हा पत्ता. नाव विचारल्यावर पत्ता सांगणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्या काळी नेटवर्कवरचे संगणक जागचे हलत नसत, त्यांचे पत्तेही क्वचितच बदलत. घरगुती किंवा लहान गाळ्यातल्या ब्रॉडबँडवर मात्र नाव कायम राहते आणि पत्ता बदलत जातो. अडचण तिथे सुरू होते.

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यातल्या जॉबवर्क करणाऱ्या लहान उद्योजकाला स्वतःचे डोमेन लागते ते बहुधा ईमेलसाठी. वाहन कंपन्यांच्या खरेदी विभागाला कोटेशन पाठवताना स्वतःच्या नावाचा ईमेल बरा दिसतो. ड्रॉइंग, टॅलीचा डेटा आणि कॅमेऱ्यांचे चित्रण मात्र गाळ्यातल्याच यंत्रांवर असते. निगडीतल्या घरून किंवा चाकणच्या दुसऱ्या वर्कशॉपमधून तिथवर पोचायला तेच डोमेन वापरता येते. त्यासाठी गाळ्याचा आजचा पत्ता डीएनएसला ठाऊक असावा लागतो.

पत्ता बदलतो, कारण पत्ते अपुरे आहेत. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. जागतिक मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आशिया-पॅसिफिकची नोंदणी संस्था त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गटावर आली. त्यामुळे सेवादाता साध्या जोडणीला सहसा पत्ता कायमचा देत नाही. राउटर जोडला गेला की हाताशी असलेल्या पत्त्यांतला एक मिळतो. या पट्ट्यात औद्योगिक सुट्टीचा गुरुवार हा महावितरणच्या देखभालीचाही नेहमीचा वार. लाइट गेली, राउटर बंद पडला, की दुपारी परतणारा पत्ता सकाळचाच असेल याची खात्री नाही.

यावरचा उपाय म्हणजे डायनॅमिक डीएनएस. राउटरमध्ये किंवा रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर एक लहान प्रोग्रॅम चालू ठेवतात. बाहेरून आपला पत्ता कोणता दिसतो हे तो दर काही मिनिटांनी तपासतो आणि बदल दिसला की डीएनएसमधली नोंद बदलतो. जुनी नोंद इतर सर्व्हरनी किती वेळ लक्षात ठेवायची, हे टीटीएल या आकड्यावर ठरते. तो ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस ठेवला, तर पत्ता बदलल्यावर काही जण दिवसभर जुन्याच दारावर जातील. म्हणून ३०० सेकंद ठेवणे बरे. गाळ्यातल्याच वायफायवरून डोमेन उघडून पाहू नये. अनेक राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येणारी वाट देत नाहीत, आणि सारे नीट असूनही बिघाड वाटतो. चाचणी मोबाइल डेटावरून घ्यावी.

बदलता पत्ता एवढीच अडचण असती तर काम सोपे होते. खरी अडचण आहे सामायिक पत्त्याची. अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. मग राउटरमध्ये पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. बाहेरून आलेली विनंती सेवादात्याच्याच यंत्रापाशी थांबते. ओळखायची खूण सोपी आहे. राउटरच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या जोडणीच्या, पानावरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तो २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवलेल्या गटातला. डायनॅमिक डीएनएसवर वेळ घालवण्याआधी ही तपासणी करावी. पत्ता सामायिक निघाला, तर जास्त पैसे भरून स्थिर पत्ता घेणे किंवा भाड्याच्या सर्व्हरमार्फत बोगदा काढणे, हे दोन मार्ग आहेत. तिसरा आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीचा. त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. भारतातली मोबाइल जोडणी मोठ्या प्रमाणात आयपीव्ही६वर आली आहे, त्यामुळे मालकाच्या फोनवरून गाळा थेट दिसू शकतो. ज्या कचेरीचे नेटवर्क अजून फक्त आयपीव्ही४वर आहे, तिथून तो दिसणार नाही.

ईमेलचा सर्व्हर मात्र गाळ्यात आणू नये. येणारी पत्रे एकवेळ निभावतात. सर्व्हर बंद सापडला तर पाठवणारा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि गुरुवारची दुपार त्यात सहज सामावते. जाणारी पत्रे अडतात. घरगुती पत्त्यांच्या याद्या ठेवलेल्या असतात आणि तिथून आलेली मेल मोठे सर्व्हर नाकारतात. पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंदही सेवादात्याच्याच हातात असते. कोटेशन स्पॅममध्ये जाण्यापेक्षा मेल भाड्याच्या सेवेवर ठेवून बाकीचे गाळ्यातच ठेवणे शहाणपणाचे.

कॅमेऱ्यांचा डीव्हीआर थेट इंटरनेटवर उघडा ठेवणे सर्वांत धोक्याचे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि अनेक नामांकित संकेतस्थळे तासन्‌तास बंद पडली. हल्ल्यात वापरलेल्या मिराई या हॅक केलेल्या उपकरणांच्या जाळ्यात कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच राहिलेले कॅमेरे आणि डीव्हीआर होते. डाइनचा व्यवसाय वाढला होता तो घरगुती ग्राहकांच्या डायनॅमिक डीएनएसमधूनच. म्हणून डोमेन डीव्हीआरकडे न नेता वायरगार्डसारख्या व्हीपीएनकडे न्यावे. राउटरमध्ये एकच पोर्ट उघडावा लागतो आणि चावी नसलेल्याला तिथून उत्तरच मिळत नाही. वायरगार्ड डोमेनचा पत्ता साधारणपणे जोडणी सुरू करतानाच विचारतो. लाइट येऊन पत्ता बदलला आणि गाळा दिसेनासा झाला, तर फोनवरची जोडणी बंद करून पुन्हा सुरू करावी.