सीडी-४ चा आकडा आणि जुळ्यांची साक्ष

पुणे-बंगळूर महामार्गावरच्या मलकापूर-कराडपासून सांगलीपर्यंतच्या पट्ट्याला एचआयव्ही नवा नाही. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेचे काम १९९२ पासून चालू आहे. या पट्ट्यातल्या रुग्णांचे नशीब बरीच वर्षे रक्ताच्या रिपोर्टवरच्या एका आकड्यावर टांगलेले होते. २००४ मध्ये सरकारची मोफत औषधे आली, पण आजार बळावलेला नसेल तर सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या टी-पेशी, २०० च्या खाली येईपर्यंत थांबावे लागे. ही अट २०१७ मध्ये पूर्णपणे गेली. माझ्या मते, थांबण्यातला धोका त्याच्या कितीतरी आधी दिसू लागला होता.

१९८४ मध्ये अमेरिकेत क्लिफर्ड लेन आणि सहकाऱ्यांनी एका एड्सग्रस्ताला त्याच्या निरोगी एकसारख्या जुळ्या भावाच्या लिम्फोसाइट पेशी आणि अस्थिमज्जा दिली. जनुके तीच, त्यामुळे शरीराने त्या परक्या मानल्या नाहीत. प्रतिकारशक्ती थोडी सावरली, पण टिकली नाही. विषाणू आत असेपर्यंत बाहेरून कितीही भर घाला, ती पुरत नाही, हे त्यातून कळले. पुढे १९९७ मध्ये मार्क कॉनर्स यांच्या गटाने नेमके काय हरवते ते दाखवले. प्रत्येक टी-पेशी ठरावीक शत्रूच ओळखते. अजून कुठल्याच जंतूशी गाठ न पडलेल्या कोऱ्या पेशी आजार वाढतो तशा अधिक घटतात, आणि औषधांनंतर त्या वाढल्या त्या आधी थोड्या तरी शिल्लक असलेल्यांमध्येच. एकूण आकडा चढला तरी पेशींच्या वाणांतली तूट लगेच भरली नाही. उरलेल्या बियाण्याचे पीक कितीही काढले तरी गेलेले वाण त्यातून उगवत नाही, तसेच हे. छातीच्या हाडामागची थायमस ग्रंथी नव्या पेशी घडवते खरी, पण वयाबरोबर ती आक्रसत जाते.

काहींची प्रकृतीच दणकट, त्यांना घाई कशाला, असे विचारले जाई. पण तान्हेपणी एकाच दूषित रक्तातून संसर्ग झालेल्या एकसारख्या जुळ्यांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे १७ वर्षांनी त्यांच्या मारक पेशींचा विषाणूशी लढा सारखा राहिला नव्हता. जुळ्यांबद्दलही अंदाज बांधता येत नसेल, तर कोण तग धरेल हे आधी कसे सांगणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. औषधे महाग होती, आणि स्टॅव्हुडिनसारख्या गोळ्यांनी पायांची आग होई, गाल बसत. तुटपुंज्या साठ्यातून आधी मरणाच्या दारातल्याला देणे योग्यच होते. पण ती अडचण पैशाची आणि औषधांची होती. थांबणे शरीराला मानवते, असा त्याचा अर्थ नव्हता. मूठभर जुळ्यांवरून धोरण ठरत नाही, हेही मान्य. म्हणूनच २०१५ ची ‘स्टार्ट’ चाचणी निर्णायक ठरली: सीडी-४ ५०० च्या वर असलेल्या ४,६८५ जणांत लगेच औषध घेणाऱ्यांना गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी होता.

आज सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते, संसर्ग आढळल्यास आकडा न पाहता औषध मिळते, आणि २०१७ च्या कायद्याने गुप्तता बंधनकारक आहे. शंका असेल तर आजारी पडायची वाट पाहू नका, तपासून घ्या.