विशेष शिक्षण घेणाऱ्या पूर्वप्राथमिक बालकांच्या भाषिक प्रगतीचे मापन

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती वसलेल्या घाटघर, साम्रद, रतनवाडी यांसारख्या गावांत व पाड्यांत मुख्यतः महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती आहे. या भागातील एखादे मूल तीन वर्षांचे होऊनही पुरेसे बोलत नसेल, तर त्याची नोंद प्रथम होते ती शाळेत नव्हे, अंगणवाडीत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो; त्यापूर्वीचे वय १९७५ साली आरंभ झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या कक्षेत येते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी करतात, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. तथापि उणीव ओळखणे ही एक गोष्ट, आणि साहाय्य मिळू लागल्यावर मूल किती पुढे गेले हे सांगणे ही दुसरी. पहिलीसाठी रचलेल्या तक्त्यावरून दुसरीचे उत्तर काढू गेल्यास फसगत होते.

विकासवयाचे प्रत्यक्ष वयाशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे विकासगुणांक. समजा, ३६ महिन्यांच्या मुलाचे भाषिक विकासवय १८ महिने आहे. त्याचा गुणांक ५०. वर्षभराच्या शिक्षणानंतर, ४८ व्या महिन्यात, ते २४ महिन्यांच्या पातळीवर येते. गुणांक पुन्हा ५०. आकडा जागचा हलत नाही. वस्तुतः याच अवधीत एकेकटा शब्द उच्चारणारे मूल दोन शब्द जोडू लागलेले असते; ‘पानी’ म्हणून थांबणारे आता ‘पानी दे’ म्हणते. आईच्या दृष्टीने हा फरक केवढा मोठा, हे निराळे सांगावयास नको. अमेरिकेत २००४ च्या विशेष शिक्षण कायद्यान्वये राज्यांना जी माहिती द्यावी लागते, तिच्यात ही अडचण लक्षात घेतलेली आहे. सेवेच्या आरंभीची व शेवटची स्थिती ताडून तेथे बालकांचे पाच वर्ग करतात, आणि ‘सुधारणा झाली, परंतु समवयस्कांच्या जवळ पोहोचले नाही’ असा एक स्वतंत्र वर्ग त्यांत आहे. उपरोक्त मूल नेमके तेथे बसेल. त्याला ‘प्रगती नाही’ या रकान्यात ढकलणे हा निव्वळ अन्याय होय.

भाषेच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. कसोटी बहुधा प्रमाण मराठीत असते. मूल घरची बोली बोलते. अनेक ग्रामीण बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, म्हणून ‘पानी’ हा त्या मुलाचा उच्चारदोष नसून त्याच्या आईबापांचाही उच्चार तोच असतो. परीक्षकाने तो चूक धरला, तर मापन होते ते प्रमाण भाषेपासूनच्या अंतराचे, मुलाच्या वाढीचे नव्हे. शिवाय पुढे मुलाने ‘पाणी’ म्हटले की उपचाराचा गुण आला असे मानले जाते, हे तर अधिकच फसवे. योग्य तुलना दोनच : त्याच पाड्यावरील समवयस्कांच्या बोलण्याशी, आणि त्याच मुलाच्या मागील नोंदीशी. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणातच बालवाडी नेली. निरीक्षणाची जागाही तीच असावी.

मग मोजावे काय? रॉजर ब्राउन यांनी १९७३ च्या ग्रंथात इंग्रजी बोलणाऱ्या तीन मुलांच्या अभ्यासावरून उक्तीची सरासरी लांबी रूपिमांत मोजण्याची रीत रूढ केली. मराठीत केवळ शब्द मोजून भागत नाही. ‘घर’, ‘घरात’, ‘घरातून’ हे तिन्ही एकेकच शब्द. पण त्यांतील शेवटच्यापर्यंत पोहोचण्यास मुलाला बरीच मजल मारावी लागते. रूपिम मोजू जावे, तर ‘गेली’ या रूपात काळ, लिंग व वचन एकमेकांत मिसळलेले असतात. त्यांची गणती एक करावी की तीन, यावर एकमत होणे कठीण. म्हणून एका आकड्याचा हट्ट सोडून ठरावीक रचनांची यादी ठेवणे अधिक उपयुक्त. स्थलवाचक व मालकीदर्शक प्रत्यय मुलाच्या बोलण्यात केव्हा आले. ‘बैल आला’, ‘गाय आली’ यांतील क्रियापदाचा मेळ बसू लागला काय. नकार केवळ मान हलवून होतो की शब्दाने. मागणी कोणापाशी केली जाते. शब्द न फुटलेल्या मुलाची खूण किंवा बोट दाखवणे हीदेखील नोंद करण्याजोगी उक्तीच होय.

नोंदीचा समयही विचारात घ्यावा लागतो. अपरिचित परीक्षकासमोर मूल मुके होते, आणि अशा एकाच दिवसाच्या नीच गुणांवरून ज्यांची निवड झाली त्यांचे गुण दुसऱ्या खेपेस, काहीही न शिकवता, सरासरीने थोडे वर येतात. जुलै-ऑगस्टमधील घाटमाथ्याच्या पावसात उपस्थिती रोडावते. मे अखेरची एक नोंद व सप्टेंबरची दुसरी घेऊन मधल्या काळाला ‘चार महिन्यांचे शिक्षण’ म्हणता येत नाही. म्हणून तारखेसोबत प्रत्यक्ष हजेरीचे दिवस लिहावेत, आणि प्रत्येक खेपेस निदान दोन निरनिराळ्या दिवशी, ओळखीच्या सेविकेने, खेळताना ऐकलेले मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत उतरून घ्यावेत.