संगणकातली डिस्क बिघडली तरी ऊस फडातच उभा असतो



उसाची नोंद, लागणीची तारीख, जात, क्षेत्र हे सगळे आता गट कार्यालयातील संगणकात असते. अडसाली लागण १५ जुलैची की १५ ऑगस्टची, यावर तोडीचा नंबर मागेपुढे होतो, हे आपणांस सांगायला नको. म्हणून गेल्या हंगामाच्या तोंडावर आमच्या एका गटाचा संगणक सुरू होईना, तेव्हा स्लिपबॉयपासून सभासदांपर्यंत सर्वांचा जीव टांगणीला लागला. विंडोज चालू होत नव्हते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर तो विचारतो, "फॉरमॅट करायची का?" दुरुस्तीवाल्यानेही तेच सांगितले, फॉरमॅट मारा आणि मोकळे व्हा. नोंदी गेल्या तर त्याचे काय जाणार?

आम्ही फॉरमॅट मारले नाही. पुढचे काम लिनक्सवर केले. घरोघरी मुलांचे संगणक आहेत, त्यात सातबाऱ्याच्या प्रती, लग्नाचे फोटो आहेत, म्हणून ही हकिकत जरा सविस्तर देतो.

विंडोजच्या डिस्कवर एनटीएफएस नावाची मांडणी असते. ती १९९३ सालापासून आहे. तिच्यात एक मुख्य तक्ता असतो, आपल्या नोंद रजिस्टरच्या अनुक्रमणिकेसारखा. कोणती फाईल कोठे आहे, ते त्यात लिहिलेले. हा तक्ता किंवा सुरुवातीचे बूट सेक्टर खराब झाले की विंडोजला डिस्क रिकामी वा परकी दिसते. पण रजिस्टरचे पान फाटले म्हणून फडातला ऊस जातो का? माहिती बहुधा जागेवरच असते. फॉरमॅट करून वर नवीन लिहीत गेलो, तर मात्र ती जाते.

लिनक्स ही फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली फुकट प्रणाली. ती पेनड्राइव्हवरून चालते, त्यामुळे आजारी डिस्कला हात न लावता संगणक सुरू होतो. प्रथम स्मार्टसीटीएल या साधनाने डिस्कची तब्येत पाहावी. खराब सेक्टरांचा आकडा वाढत असेल तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. आतून टकटक आवाज येत असेल तर तिथेच वीज बंद करावी. ते काम आपले नव्हे, प्रयोगशाळेचे.

आवाज नसेल तर आधी नक्कल, मग दुरुस्ती. आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचे हेच. यासाठी डीडीरेस्क्यू हे साधन आहे, स्पेनच्या अंतोनियो डियाझ डियाझ यांचे. त्याची रीत आपल्या टोळीसारखी आहे. जिथे गाडी जाते तो फड आधी तोडायचा, चिखलाचा कोपरा मागाहून. चांगला भाग आधी वाचून घेते, मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कोठपर्यंत आलो याची टिपण फाईलही ठेवते. ती दुसऱ्या डिस्कवर ठेवली, तर वीज गेली तरी काम पुढे चालू करता येते, आणि आपल्याकडे वीज जातेच! खबरदारी एकच : आधी आजारी डिस्कचे नाव, नंतर नव्या डिस्कचे. उलटे झाले तर कोऱ्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर होते आणि सगळे संपते. एलएसब्लॉक लिहून दोन्हींचा आकार पाहूनच पुढे जावे.

पुढचे सारे नकलेवर. टेस्टडिस्क हे फ्रान्सच्या ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचे साधन. एनटीएफएस आपल्या बूट सेक्टरची एक जादा प्रत भागाच्या शेवटी ठेवते, तिच्यावरून टेस्टडिस्कने पहिली प्रत दुरुस्त केली आणि आमच्या लागणीच्या नोंदी दिसू लागल्या. माती परीक्षणाच्या काही फायली उघडल्या नाहीत, त्या प्रयोगशाळेतून पुन्हा मागवल्या. तक्ताच गेला असेल तर फोटोरेक वापरतात. ते फायली शोधते, पण मूळ नावे बहुधा मिळत नाहीत. बारदानात ओतलेल्या मिसळ धान्यासारखे निवडत बसावे लागते.

एनटीएफएसफिक्स हे आणखी एक साधन. त्यावर फार भिस्त ठेवू नये. ते किरकोळ दोष काढते आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी खूण करून ठेवते. खरी दुरुस्ती विंडोजच्या चेकडिस्कनेच होते. ती नकलेवर चालवावी, मरत्या डिस्कवर नाही. बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची किल्ली, म्हणजे ४८ आकडी क्रमांक, हवाच. त्यावाचून लिनक्सही काही करू शकत नाही.

असो. नोंदीची पावती मिळाली की सभासदांनी ती घरी जपून ठेवावी. ज्यांच्या घरचा संगणक असा बसला असेल, त्यांनी तो चालू-बंद करत न बसता शेती विभागात आणावा. लिनक्सचा पेनड्राइव्ह आमच्याकडे आहे. येताना आपल्या डिस्कपेक्षा मोठी रिकामी डिस्क सोबत आणावी, आणि गाळप चालू असताना दुपारी चारनंतर यावे.